भिंतीपलीकडे गेलेली हाक

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला वेळच नव्हता. माझा दिवस आईचं करण्यात जातो.

आमचं घर नागपुरात, महालात. सागाचे खांब, सागाच्या तुळया, मध्ये मातीची भरण. शेजारच्या वंदनाताईंची आणि आमची भिंत एकच. आईला डिमेन्शिया. दिवसभर हाका मारायची — कधी मला, कधी केव्हाच गेलेल्या तिच्या बहिणीला. तिकडे वंदनाताईंच्या मुलीची बारावी. त्या भांडल्या नाहीत, पण एकदा हळूच म्हणाल्या, “काही करता येईल का वं? पोरगी रडून राहिली.”

म्हणून भिंत साउंडप्रूफ करायला घेतली. मिस्त्री म्हणाला, “ताई, जुन्या लाकडाले बोर्ड टेकला का आवाज पलीकडं गेलाच समजा.” त्याने थोडी जागा सोडून वेगळा सांगाडा उभा केला, आत आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, वर जिप्समचे दुहेरी बोर्ड ठोकले, फटी बुजवल्या. मी भिंतीजवळ मिक्सर लावून पाहिला — पलीकडे वंदनाताईंना काहीच ऐकू आलं नाही.

आणि थोड्याच दिवसांत आईला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. ज्या हाकांना मी वैतागले होते, त्या हाकाच संपल्या.

त्या दुपारी आईला पेज भरवली आणि खाटेजवळच्या खुर्चीत टेकले. रात्रभर जागरण झालं होतं. डोळा कधी लागला, कळलंच नाही. जाग आली ती वंदनाताईंनी दार बडवल्याच्या आवाजाने.

“दार उघड वं! आई केव्हाच्या आवाज देऊन राहिल्या, तुले ऐकू येत नाही का?”

दार उघडून मागे वळले, तर आई एका बाजूला घसरलेली, तोंड उशीत, ओठ निळे. दोघींनी मिळून तिला कुशीवर वळवलं, तोंडातली पेज बोटाने काढली. श्वास परत आला.

डॉक्टर येऊन गेल्यावर मी विचारलं, “ताई, आईला तर बोलताच येत नाही. तुम्ही काय ऐकलं?”

त्यांनी आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. “स्वच्छ आवाज होता वं... ‘वंदना, तू ये. माही पोरगी थकली, तिले उठवू नको.’ पण कडी आतून होती, दार बडवावंच लागलं.”

त्यांची मुलगी तेव्हा त्यांच्याजवळच अभ्यास करत होती. तिला काही ऐकू आलं नाही. मिस्त्रीकडून भिंत पुन्हा तपासून घेतली. कुठे फट नाही. भास म्हणावा, तर नेमका त्याच वेळी? शोधत बसायचं त्राण नाही.

आई अजून आहे. बोलत नाही. दुपारी मात्र मी आता थोडी झोपते — दाराची कडी काढून ठेवून.