कौसाबाई आणि चौदा ग्रॅम

नाव : कौसाबाई हिरामण ठोंबरे. वय : अंदाजे छप्पन्न. पद : सफाई मदतनीस (अकुशल), कंत्राटी. शिक्षण : निरंक. उत्पादन-प्रक्रियेशी संबंध : नाही. गैरहजेरीत पर्यायी मनुष्यबळ : कोणीही.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फायलीत कौसाबाई एवढीच आहे. बाकीची कौसाबाई रोज सकाळी बदलापूरहून शेअर रिक्षाने येते, गेटवर गुडघा चोळते आणि आत जाते.

इथे नारळाच्या करवंटीच्या कोळशावर पॅलेडियम चढवतात. धातू सोन्यासारखा राखावा लागणारा, आणि त्याचे कण इतके बारीक की केसाच्या रुंदीत वीस हजार ओळीने बसावेत. औषधांच्या कंपन्या हा काळा चिखल आपल्या रसायनात घालतात आणि काम झालं की गाळून काढतात. अर्थात कण कोळशाला धरून राहिले तर. सुटले तर माल परत येतो. कौसाबाईला यातला चिखल तेवढा ठाऊक. नऊ वर्षं तो तिच्या नखांत आहे.

त्या मंगळवारी बॅचमध्ये चौदा ग्रॅम पॅलेडियम कमी भरलं. रिअ‍ॅक्टरमध्ये उतरून तो धुणारी, गाळणीची फडकी पिळणारी शेवटची बाई कोण, तर कौसाबाई. गेटवरच्या करिष्माने तिचा डबा उघडला, अंबाडा सोडवला.

"काय मावशी, चटणीत मिसळलंत की काय?"

"मिसळलं असतं तर चव आली असती. सून मीठच घालत नाय."

करिष्मा हसली, पण डबा परत दिला नाही. मग उन्मेष आला. बदलापूरच्या कात्रपचा, एमएस्सी झालेला, कारखान्याचा केमिस्ट. नजर वळवून म्हणाला, "मावशी, साहेब म्हणतात, संध्याकाळपर्यंत माल सापडला नाही तर पोलिसांत नाव द्यायचं. तुमचं."

कौसाबाईला रडू आलं नाही. रडायला खाली बसावं, तर उठताना गुडघा धरणार. तिने केस पुन्हा बांधले आणि डोक्यात कालपासून होतं ते विचारलं.

"भांड्याला आतून कल्हई कधी केलीत?"

"कसली कल्हई?"

"ते निळं काचेचं अस्तर दिसतंय कुठं आता? काल धुताना माझं तोंड दिसलं त्याच्यात. लय म्हातारी झाले रे."

उन्मेषने नजर तिच्याकडे वळवली. "आणि हे काल सांगितलं नाहीत?"

"मना कोणी इचारलं?"

उन्मेषने बॅटरी घेऊन रिअ‍ॅक्टरच्या तोंडात डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे अडकले. दोघा कामगारांनी पाय धरून त्याला बाहेर ओढलं. मग आत हवेचा पंखा सोडला, कौसाबाईला हातमोजे दिले, आणि ती नेहमीसारखी एक खांदा आधी घालून आत सरकली. तेजाबात भिजवलेला काचलोकरीचा बोळा तिने भिंतीवर घासला. बाहेर आला तेव्हा बोळा तपकिरी झाला होता. प्रयोगशाळेने तासाभरात सांगितलं : पॅलेडियम.

उन्मेषचा चेहरा उतरला. पूर्वी येणारा कोळसा आधी नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळून घेत; त्याने पृष्ठभाग खरबरीत होतो, कडांना ऑक्सिजन चिकटतो, आणि धातूचे कण तिथेच पाय रोवतात. या बॅचसाठी आलेल्या नव्या कोळशाच्या पिशवीवर 'उच्च शुद्धता' छापलं होतं. भट्टीत कडक तापवलेला, स्वच्छ, निष्कलंक माल. उकळायची गरज नाही, असं उन्मेषनेच ठरवलं होतं. कोळशाने धरलं नाही, तेवढं पॅलेडियम भिंतीला जाऊन बसलं. हे सगळं कोणाला तरी सांगणं भाग होतं, म्हणून त्याने कौसाबाईला सांगितलं.

"पाट्याला टाकीचे घाव नाय घातले तर मिरची नुसती फिरते," ती म्हणाली. "येवढ्यासाठी एमएस्सी?"

करिष्माने डबा परत दिला. भाकरी वातड झाली होती. तरीही कौसाबाईने ती खाल्ली.

अहवाल शुक्रवारी निघाला. 'दृश्य निरीक्षणाअंती धातू पात्राच्या अंतर्भागावर आढळून आला. निरीक्षक : प्रक्रिया विभाग. सफाई मदतनिसाविरुद्ध कारवाईची आवश्यकता नाही. सदर जागेवर गरजेनुसार अन्य कोणासही नेमता येईल.'

रिअ‍ॅक्टरच्या तोंडातून आत मावेल असं कारखान्यात दुसरं कोणी नाही.