पदर पडला की आबा डोळे मिटायचे

आधीच सांगतो, करणी-बिरणी, भूत-बित मी मानत नाही. जळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. टेस्टर लावल्याशिवाय मी सख्ख्या भावाच्या शब्दावरही वायरला हात लावत नाही. तरी हे लिहितोय...

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माझे वडील, आबा, असोद्याहून येताना मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार. जळगावातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण शुद्ध काही आली नाही. दिवसभर डोळे टक्क उघडे, नजर कुठेच नाही. हाक मारा, चिमटा काढा — ढिम्म. डॉक्टर टॉर्च मारून म्हणाले, यांना दिसत नाही, कळतही नाही. नाकातल्या नळीतून दूध, पेज चालू होतं. मोठा भाऊ नाना म्हणायचा, नळी काढू, घरी नेऊ, सुटतील बिचारे. हे सगळं आबांच्या उशाशीच चालायचं.

माझी बायको सुमन शिंदखेड्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, आणि ती त्यांच्याशी थेट कधी बोललीही नव्हती. आमच्याकडे रीतच तशी. दवाखान्यात आबांना पुसताना पदर घसरला, तेव्हा तिने काहीतरी पाहिलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "मना पदर पडना का आबा डोया मिटी लेतस." माझा पदर पडला की आबा डोळे मिटून घेतात.

मला पहिली शंका आली ती हिचीच. नळी काढायला हिचा विरोध, म्हणून रचतेय झालं! मग मी टेस्टिंगलाच बसलो. पदर डोक्यावर — डोळे उघडे. पदर खाली — मिटले. नर्स उघड्या डोक्याने यायच्या, तेव्हा काही नाही. म्हटलं, बांगड्या वाजत असतील. बांगड्यांवर रुमाल बांधला, आबांच्या कानात कापूस घातला. शेवटी तिला खाटेच्या मागे उभं केलं, आबांना दिसणारच नाही अशी. पदर पडला आणि डोळे मिटले. खरं सांगतो, मला रागच आला. कुणीतरी मला बनवतंय असंच वाटत होतं.

नाना काही ऐकेना. डोळे काय, उगीच लवतात, तू येडा झाला का, म्हणाला. घरी न्यायला तो गाडी ठरवूनच आला होता.

तेव्हा सुमन पुढे झाली. आबांच्या कानातला कापूस काढला, पदर स्वतःच्या हाताने खाली घेतला. आबांचे डोळे मिटले. मग ती पहिल्यांदाच सासऱ्यांशी बोलली. "आबा, नळी ऱ्हाऊ देवानी व्हई ते मनाकडे दखा." नळी राहू द्यायची असेल तर माझ्याकडे बघा.

नाना तोंड उघडणार, तोच आबांनी डोळे उघडले. उघड्या डोक्याच्या सुनेकडे ते सरळ बघत राहिले. नाना बाहेरच्या बाकावर जाऊन ढसाढसा रडला. नळी राहिली.

डॉक्टर म्हणाले, योगायोग. असेलही. आबा पुढे वर्षभर होते. घरी सुमनच त्यांचं सगळं करायची, बिनपदराची, आणि आबांनी तिच्यासमोर डोळे पुन्हा कधीच मिटले नाहीत. ती म्हणते, त्यांनी मला लेक मानलं. मला मात्र अजून संशय येतो... की तेवढं एक उत्तर देऊन आबा गेले, आणि वर्षभर आम्ही पेज पाजली तेव्हा आत कुणीच नव्हतं. यातलं खरं काय, मला आजही सांगता येत नाही. सुमनला हे मी कधी बोललेलो नाही.