ताटावर दोन हात

ताटली समोर आली रे आली की आजोबा दोन्ही पंजे तिच्यावर पालथे धरायचे, जवळजवळ आडवेच व्हायचे, आणि ओरडायचे, "पुरे, पुरे!"

यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट दिसलं की आपली निम्मी ओळ हेच करते. खरंय. पण हे आजोबा गोरेपान, निळ्या डोळ्यांचे, नव्वदी ओलांडलेले न्यूझीलंडर. न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावातल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स म्हणून नवीनच लागले होते आणि ते तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. तरुणपणी युद्धात जपान्यांच्या हाती सापडले होते, कुठल्याशा बेटावर साडेतीन वर्षं कैदेत होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं विचारायची पद्धत नव्हती. नाव मी सांगत नाही. मी त्यांना आजोबाच म्हणायचे, आणि हा शब्द त्यांनी एका दिवसात पाठ केला होता.

एरवी माणूस ठणठणीत. डोकं शाबूत, कवळी पक्की, जीभ तिखट. फक्त जेवणाच्या वेळी काहीतरी बिनसायचं आणि ते थेट त्या बेटावर जाऊन बसायचे. पंजे ताटलीवर, तोंडात "पुरे". खाली ग्रेव्ही असली तर तीही पंजांना लागायची.

आता इथली माणसं कशी, तर फार सभ्य. तुम्ही एकदा हात आडवा केलात की विषय संपला. "नो वरीज, स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणून ताटली उचलायची. आजोबा उचलल्या गेलेल्या ताटलीकडे असे बघायचे की मला गलबलून यायचं. पुढे कुणाच्या तरी कानाला "पुरे"चं "प्युरे" ऐकू आलं, आणि म्हातारबुवांना सगळं कुस्करून हवंय असा शोध लागला! झालं. त्या दिवसापासून ताटलीत तीन गोळे यायला लागले. एक हिरवा, एक पांढरा, एक तपकिरी. आजोबा घाबरून आणखी जोरात "पुरे, पुरे!" म्हणायचे आणि किचनमधून गोळे वाढतच जायचे.

मी लागले तेव्हा त्यांची पँट सस्पेंडर्सवरच लटकत होती. चांगला खाता-पिता माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि वजन असंच उतरत राहिलं तर नळी घालावी लागेल का, अशी कुजबुज सुरू झाली होती.

मला पहिल्याच दिवशी त्या "पुरे"मध्ये आपलं पुरे ऐकू आलं. पण म्हटलं, छे, भास झाला असेल. परदेशात आल्यावर मला ट्रेनच्या घोषणेतसुद्धा मराठी ऐकू यायचं.

मग एका दुपारी चहाच्या सुट्टीत पुण्याहून आईचा फोन आला. ओळखीतल्या कुणाच्या तरी लग्नातल्या मानपानाची कथा ती सांगत होती, ती संपेना. मी वैतागून म्हटलं, "पुरे गं आई! पुरे आता!" मान वळवून बघते तर आजोबा हातात बिस्किट घेऊन उभे.

"घे," ते म्हणाले. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, मी आपलं मराठीत सांगते.

"मला नकोय, आजोबा."

"मग मागितलंस कशाला? पुरे म्हणालीस. पुरे म्हणजे आणखी."

मी उडालेच. म्हटलं, हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला? आणि मग आजोबांनी मला हवालदाराची गोष्ट सांगितली.

हवालदार साताऱ्याकडचा, पलटणीतला. त्याच बेटावर कैदी. दिवसभर खड्डे खणायचे, आणि खायला काय, तर वाटीत तांदूळ शोधावा लागेल अशी पेज. संध्याकाळची हजेरी झाली की हवालदार सगळ्यांना ओळीत मांडी घालून बसवायचा. समोर रिकामे डबे. मग कमरेला पंचा खोचून, हातात रिकामी पळी घेऊन वाढत निघायचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मसालेभात, सगळं त्या त्या जागी. चुकीच्या बाजूला कोशिंबीर घेतली म्हणून एका कर्नलला त्याने उठवलं होतं म्हणे! शेवटी जिलबी. दोघा जणांची त्या जिलबीवरून मारामारी झाली होती, एकाला जास्त वाढली म्हणून. जिलबी नव्हतीच, हे भांडण सोडवताना कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आणि नियम असा," आजोबा म्हणाले, "हात डब्यावर पालथे धरायचे आणि पुरे म्हणायचं. म्हटलं की तो आणखी वाढतो. आणखी जोरात म्हटलं की आणखी."

वा रे हवालदार! मला हसू फुटत होतं, पण मी गप्प बसले. नव्वदीच्या माणसाचं मराठी सुधारणारी मी कोण?

एकदा गार्डने पाहिलं. ही हाडं झालेली माणसं डबे झाकून ओरडतायत, म्हणजे नक्की अन्न लपवलंय! त्याने एकेकाचे हात उचकटले, डबे उलटे केले, खालची मातीसुद्धा उकरली. काही सापडलं नाही म्हणून हवालदाराचे दोन दात पाडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, बंदुकीसकट ओळीत बसला आणि स्वतःचा डबा पुढे केला. हवालदाराने त्यालाही वाढलं. सगळं वाढलं, जिलबीसुद्धा. पण एकदाच. पुढे निघून गेला.

"त्याला शब्द माहीत नव्हता ना," आजोबा म्हणाले, आणि खूश होऊन बिस्किट स्वतःच खाल्लं.

मी पुण्याची. आग्रहाच्या बाबतीत आमची ख्याती काय आहे ते तुम्ही जाणताच. पण त्या संध्याकाळी मी गोळे परत पाठवले, रोस्ट आणि बटाटे मागवले आणि आजोबांच्या हातांवर चमचा धरून उभी राहिले. "पुरे!" ते म्हणाले. "असं कसं? घ्याच एक!" मी मराठीतच म्हटलं. त्यांनी हात इतका चटकन काढला की बटाटा टेबलावर पडला. तोही त्यांनी उचलून खाल्ला. दोन वेळा वाढून घेतलं. महिन्याभरात पँट कमरेवर राहायला लागली आणि नळीचं नाव कुणी काढेना.

पण एक गोष्ट त्यांना आतून खात होती. हवालदार शेवटी तापाने पडला. उठवेना. तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याभोवती पंगत बसवली आणि आळीपाळीने त्याला वाढलं. त्याने डब्यावर हात ठेवले आणि म्हणाला, "कॅरट्स पुरे." गाजर, आणखी! यांनी गाजरं वाढली. तो पुन्हा म्हणाला, कॅरट्स पुरे. पुन्हा वाढली. ती रिकामी पळी घेऊन सगळे गाजरं वाढत सुटले आणि तो आपला मागतोच आहे. सकाळी गेला होता.

"फुकटचं होतं सगळं," आजोबा म्हणाले, "तरी आम्ही त्याला कमी पडलो. उपाशी गेला माझा माणूस."

म्हणून घरी परतल्यापासून त्यांनी परसात गाजरांशिवाय दुसरं काही म्हणून लावलं नाही. त्यांची पासष्टीची मुलगी दर रविवारी यायची, तिने मला सांगितलं, "मी गाजरांच्या घरात वाढलेय. मला त्यांचा वाससुद्धा सहन होत नाही. पण बाबा म्हणतात, लाव, म्हणून अजून लावतेय." हिंदुस्थानी माणूस दिसला की आजोबा विचारायचे, तुमच्याकडे गाजराचं काय करतात? मलाही विचारलं. मी बिचारी घरी जाऊन किसत बसले आणि त्यांना डबाभर गाजरहलवा नेऊन दिला. खाल्ला त्यांनी, पण मान हलवली. "चांगला आहे. पण एवढ्यासाठी तो दहादा मागणार नाही."

माझ्याही डोक्यात प्रकाश पडेना. पडला तो गणपतीत. घरी दहा-बारा माणसं जेवायला होती. मी एका पाहुण्याच्या पानात तिसऱ्यांदा बटाट्याची भाजी वाढायला वाकले, तर त्याने कळवळून दोन्ही हात आडवे केले. "अहो वहिनी, खरंच पुरे!"

पळी माझ्या हातातच राहिली. भाजी त्याच्या शर्टावर गेली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी नव्हती, तरी गेले. सांगू की नको, सांगू की नको, असं रस्ताभर चाललं होतं. आजोबांसमोर बसले आणि म्हटलं, "पुरे म्हणजे आणखी नव्हे. पुरे म्हणजे बास. पोट भरलं, आता नको."



"म्हणजे आम्ही," ते म्हणाले, "उपाशी मरत होतो, आणि रोज संध्याकाळी ओळीत बसून, त्या जपान्यांच्या तोंडावर, बास, आता नको, पोट भरलं म्हणून ओरडत होतो?"

"हो."

"आणि त्या डांबरटाने आम्हाला सांगितलं नाही!"

मग जे हसले, जे हसले, की कवळी निघून मांडीवर पडली. टेबलावर थापा मारून हसले. सगळा हॉल बघायला लागला. मग एकदम थांबले. कवळी बसवली.

"आणि गाजरं?"

"गाजरं नव्हतीच, आजोबा. खरंच, असं म्हणाले ते. खरंच म्हणजे अगदी मनापासून. खरंच पुरे."

"म्हणजे तो मागत नव्हता?"

"नाही."

"पोट भरलं, म्हणाला? काय खाऊन?"

"तुम्ही सगळ्यांनी वाढलंत ते."

आजोबा खिडकीकडे वळले आणि मुसमुसून रडले. मीही रडले, मला काही असल्या वेळी धीर धरवत नाही. बऱ्याच वेळाने नाक पुसून म्हणाले, "मुलीला सांग, यंदा बटाटे लाव."

त्यानंतर वर्षभर त्यांनी मला छळलं. आता मुद्दाम, डोळा मारून "पुरे" म्हणायचे आणि मी तीनदा घ्याच म्हटल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. "खरंच" त्यांना नीट म्हणता येईना. घोटून घोटून बसवलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. पलंगावर टेकवून मी कस्टर्ड भरवत होते. दोन चमचे गेले. तिसरा उचलला, तेव्हा त्यांनी पांघरुणातून हात काढले, दोन्ही, आणि वाटीवर पालथे धरले. माझ्या तोंडात तयारच होतं, असं कसं, घ्याच एक.

"खरंच पुरे," आजोबा म्हणाले. त्यातला च अगदी साताऱ्याचा.

मी चमचा खाली ठेवला.

दाराशी नवीन लागलेली पोरगी उभी होती. ती पळाली ती किचनमधून गाजराच्या गोळ्याची वाफाळती वाटी घेऊनच आली. "त्यांनी कॅरट प्युरे मागितला ना?" माझे दोन्ही हात आजोबांच्या हातांवर होते. गडबडीत मी मराठीतच बोलून गेले, "नको गं बाई, पुरे!"

"ओह," ती म्हणाली, "तुला पण?" आणि दुसरी वाटी आणायला धावली.

आजोबांचे खांदे हलायला लागले. आवाज फुटला नाही, पण हसतच होते ते. तसेच झोपले आणि मग उठले नाहीत.

त्या दोन्ही वाट्या मी किचनमध्ये उभ्याने संपवल्या, रडत रडत. मीठ मात्र कमी होतं.