गंधकाचं उटणं

मी आठ वर्षांची असताना देवासच्या आमच्या मुलींच्या शाळेत डिपुटीसाहेब तपासणीला यायचे होते. स्वागताचं पद एकटीने पुढे उभं राहून म्हणायला मास्तरीणबाईंनी मला निवडलं होतं. आणि नेमकं आदल्या दिवशी माझ्या पाठीवर घामोळं उठलं. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात बाईमाणूस म्हणून एक काकू. वय सतरा, वाईहून लग्न होऊन आल्याला जेमतेम दोन महिने, आणि हिंदी-माळवीच्या नावाने शंख.

वडिलांनी वैद्यांना बोलावलं. देवासात तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्ता ओलांडला की राजा बदलायचा. वैद्य पलीकडच्या पातीतले, त्यामुळे ते ओसरीवर परमुलखातून आल्याच्या थाटात बसले. माझी पाठ पाहून त्यांनी गंधकाची पुडी काढली आणि दाराकडे बघत म्हणाले, "बाईसाब, पीठ पे लगाजो. मुंडा पे मत लगाजो." काकू दाराआड उभी. नव्या सुनेने परक्या माणसाला उलट विचारायची सोय नव्हती. तिने बांगड्या वाजवून होकार दिला.

वैद्य गेल्यावर तिने मला अर्थ समजावला. "डाळीच्या पिठात कालवायचं, म्हणजे उटणंच की, तोंडाला लावायचं. मुंडण केलेल्याला मात्र चालत नाही. तुझं कुठे मुंडण झालंय?"

पीठ म्हणजे पाठ आणि मुंडा म्हणजे तोंड, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा जन्मच तिथला. पण उटण्याने मी उजळेन, उद्या डिपुटीसाहेबांसमोर झळकेन, असा लोभ सुटला आणि मी मूग गिळून बसले.

काकूने माहेरच्या चांदीच्या वाटीत उटणं कालवलं आणि माझ्या तोंडाला फासलं. थोड्या वेळाने पाहिलं तर वाटी आतून काळी पडलेली. गंधकाने चांदी काळवंडते हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. "बघ! तुझा काळेपणा वाटीत उतरला!" म्हणत तिने हरखून दुसरा थर दिला. मग जी आग उठली म्हणता! मी अंगणभर नाचले. मी काढलेला गळा ऐकून वैद्य रस्त्यापलीकडून धावत आले. "अरे बाईसाब, पीठ! पीठ!" असं ओरडत ते दाराकडे पाठ करून स्वतःच्याच पाठीवर थापा मारू लागले. मग वळून स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाले, "यो मुंडो!" काकू पाण्याच्या तांब्याकडे धावली.

तिने माझं तोंड धुतलं, वर लोणी लावलं. गाल टमाट्यासारखे झालेले. मी शाळेत जाणार नाही म्हणून भोकाड पसरलं. काकूने वाटी जवळ ओढली. उरलेलं उटणं उचललं आणि स्वतःच्या तोंडाला लावून चुलीपाशी बसून राहिली. "तुला किती झोंबलं ते मला कळायला हवं," म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या तरी पुसेना. मला स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी दोघींची तोंडं सारखीच सुजलेली. ती मला शाळेत पोचवायला निघाली तेव्हा भर रस्त्यात मी कबूल केलं, की मला अर्थ आधीच ठाऊक होता. ती थांबली आणि खो खो हसत सुटली. हसताना गाल ताणले जात, म्हणून मध्येच कळवळायची.

मास्तरीणबाईंनी मला पाहून कपाळाला हात लावला, पण पद दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी म्हटलं. चुकलेही नाही. डिपुटीसाहेबांनी माझ्याकडे, मग दाराशी उभ्या काकूकडे निरखून पाहिलं.

"ही आई का तुझी? चेहरा अगदी एक आहे."

मी तोंड उघडायच्या आत पदराआडून खणखणीत आवाज आला, "होय साहेब. तोंड माझं, लबाडी तिची."