गाडीतून न उतरता विचारलेली बातमी

कासिमचाचा परकार नसते, तर माझ्या एका रिपोर्टने सालेमची नोकरी गेली असती. परदेशात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो या चाचांचा. मूळचे दाभोळकडचे. शारजातल्या आमच्या कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. साठच्या दशकात मी तिथे पोचलो तेव्हा हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, आमच्या घराण्यातली पहिलीच. अरबीचा मात्र एक शब्द येत नव्हता. नट-बोल्ट मोजता मोजता चाचांनी मला ती शिकवली. खानावळ दाखवली, पत्रं कुठे टाकायची ते दाखवलं, उन्हात डोकं कसं बांधायचं तेही.

कंपनी खेड्यांत पाण्याचे पंप बसवायची. प्रत्येक पंपावर गावातलाच एक माणूस पगारावर असे. इंजिन चालू करायचं, तेल घालायचं, बिघाड झाला तर आम्हाला कळवायचं. डोंगरातल्या एका गावी हे काम सालेम करायचा. त्याच्या पगारावर त्याची आई आणि दोन बहिणी होत्या. त्या गावात दुसरा पगार नव्हता.

एकदा मी लँडरोव्हर घेऊन खोर फक्कानला निघालो होतो. बोटीतून नवं इंजिन उतरलं होतं, ते उन्हं कलायच्या आत ताब्यात घ्यायचं होतं. सालेमच्या गावाचा फाटा आला, तर सालेम स्वतःच रस्त्याकडेला उभा. मी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"शू उलूम?" मी खिडकीतून विचारलं. म्हणजे, काय बातमी? हे वाक्य मी आठवडाभर घोटलं होतं.

"खैर," सालेम म्हणाला. सगळं चांगलं. मग त्याने माझी तब्येत विचारली, वडिलांची विचारली, पाऊसपाणी विचारलं. मी सगळ्याची उत्तरं अरबीत दिली. कुठेही अडलो नाही. मनातून खूश झालो.

"यल्ला सालेम, निघतो!" म्हणून मी गाडी सोडली. आरशात दिसलं, धुरळ्यात तो हात वर करून दोन पावलं पळाला. मीही हात हलवला. रात्री रिपोर्टमध्ये लिहिलं, पंप ओके.

दोन दिवसांनी त्या गावचे चार जण ऑफिसात आले. पंप बंद होता. टाकीतलं पाणी संपलं होतं, बायका जुन्या विहिरीचं मचूळ पाणी भरत होत्या.

आमचे साहेब मिस्टर हॅरिस यांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला. "शिर्के, पंप ओके?"

"सर, सालेमने स्वतः सांगितलं."

"मग तो खोटारडा आहे. सोमवारपासून दुसरा माणूस बघ."

मी तेव्हा probation वर होतो. खरं सांगायचं तर बाहेर पडताना सुटल्यासारखं वाटलं.

स्पेअर पार्ट घ्यायला स्टोअरमध्ये गेलो. चाचांना सगळं सांगितलं.

"सालेम खोटं बोलला?" त्यांनी विचारलं. "तू गाडीतनं उतरलास?"

"नाही."

"बसलास? कावा घेतलास त्याच्याबरोबर?" कावा म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी.

"चाचा, मला खोर फक्कान गाठायचं होतं."

"मग तो सांगेल कसा रे? उभ्या माणसाच्या तोंडावर वाईट बातमी फेकायची काय? पहिलं खैरच म्हणायचं. मग बसायचं, कावा प्यायचा, आणि मग काय ते सांगायचं. इथली रीत आहे ती."

"ही कसली रीत? गावात पाणी नाही आणि म्हणे खैर!"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुझ्या बापाचं पत्र आलं ना परवा? पहिली ओळ काय?"

"इकडील सर्व कुशल."

"आणि खाली?"

"आपली म्हैस गेली."

"मग? तुझा बाप खोटारडा?"

मी तसाच हॅरिसकडे परत गेलो. म्हटलं, "सर, चूक माझी आहे. सालेम बातमी द्यायलाच आला होता. मी गाडीतून उतरलो नाही." मग ती रीत समजावून सांगितली. "सगळं ठीक असतं तर तो भर उन्हात रस्त्यावर कशाला उभा राहिला असता?"

"हे तुला तेव्हाच का नाही सुचलं?"

"माझं लक्ष माझ्या अरबीकडे होतं, सर."

हॅरिसनी रिपोर्टवरचं 'पंप ओके' खोडलं. "सालेम राहील. तुझं probation तीन महिने वाढवतो. जा, आधी पाणी चालू कर."

चाचा माझ्याबरोबर आले. सालेमने सतरंजी पसरली. "खैर," म्हणाला. माझ्या वडिलांची चौकशी केली. कावा झाल्यावर सांगितलं, की इंजिनातून खरखर येत होती, म्हणून त्याने ते लगेच बंद केलं. बेअरिंग गेलं होतं. शाफ्ट ज्यावर फिरतो तो हा भाग. आणखी तासभर चालवलं असतं तर शाफ्टही गेला असता. संध्याकाळी नळाला पाणी आलं. तसंच बेअरिंग त्या दिवशी माझ्या गाडीत मागे पडलेलं होतं, हे मी सालेमला सांगितलं नाही. त्याला ते माहीत असावं.

पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी एकच गोष्ट सांगत आलो. साइटवर पोचलात की आधी इंजिन बंद करा. पंपाचं नव्हे, आपल्या गाडीचं.

वर्षभराने चाचा डोळ्यांच्या दुखण्यामुळे कायमचे गावी गेले. त्यांना मी पाठवलेलं पत्र हे:

"ति. कासिमचाचांना दत्ताचा सलाम.

इकडील सर्व कुशल. तुमचं आणि चाचींचं कुशल कळवावं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? यंदा आंब्याला मोहोर कसा आहे? मला कंपनीत कायम केलं. सालेमचा पंप उत्तम चालू आहे. कावा देताना तो अजून तुमच्या नावाचा कप मांडतो. स्टोअरला नवा माणूस आला आहे, स्वभावाने चांगला आहे, हिंदी बोलतो. माझी अरबी आता बरीच सुधारली.

तुम्ही गेल्यापासून इथे मराठी बोलायला कोणी नाही.

तुमचा,
दत्ता"