बिननंबरचं बटण

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात एका कारागिरावर खेकसत होतो. अंबरनाथला कंपनीच्या गेटातच कोसळला म्हणे. शेजारच्या गाळ्यातले शेठ धावत आले, "साईं, पहले बैठ जाओ" म्हणाले. मी बसलो, आणि डोक्यात पहिला विचार काय यावा? आता रविवारी खेळाडूंच्या ट्रेडचं भांडण कुणाशी करायचं! लाज वाटते सांगायला, पण हेच आलं मनात.

सुहास केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर होता. शाळेत आम्ही एकाच टीममधून बास्केटबॉल खेळलो. पुढे गुडघे आणि संसार दोन्ही सांभाळताना खेळ सुटला, तेव्हा अमेरिकेतल्या टीमचा नाद लागला. त्यांच्या मॅच आपल्याकडे सकाळी दिसतात. दर रविवारी मी मांजर्लीहून स्कूटर काढून कात्रपला त्याच्या घरी जायचो. मॅच हे निमित्त. खरी मजा कोणी कुणाला सोडावं आणि बदल्यात कोण घ्यावं, यावर वाद घालण्यात.

त्यासाठी त्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकटी आखल्या होत्या, एकेका टीमची एकेक. खेळाडू म्हणजे माझ्या कारखान्यातली पितळी बटणं, वर स्केचपेनने जर्सीचा नंबर. मोठ्या पगाराला मोठं बटण, छोट्याला खिशाच्या कोपऱ्यावरचं रिव्हेट. तिकडे टीमच्या एकूण पगाराला मर्यादा असते. ती ओलांडलेल्या टीमला महागडा माणूस हवा असेल, तर साधारण तेवढ्याच पगाराचं कुणीतरी द्यावं लागतं. म्हणून आमचा नियम पक्का होता: बदल्यात तेवढ्याच वजनाचं काही ठेवल्याशिवाय बटण रेषेपलीकडे न्यायचं नाही. वजनाला वहिनींचा किचनमधला काटा.

"त्या सेंटरला काढ दिल्या, गुडघे गेलेत त्याचे."

"येड्या, अजून तीन वर्षांचा करार आहे. घेणार कोण त्याला?"

"सोबत नवा पोरगा निवडायचा एक ड्राफ्टचा हक्क चिकटव, उड्या मारत घेतील!"

तो कायम बदलणारा, मी कायम धरून ठेवणारा. आमच्या तळमजल्यात दोनदा पुराचं पाणी शिरलं तरी मी घर सोडलं नाही, असा मी. सुहास मात्र चडफडायचा. "या लोकांना सकाळी एका शहरातून उचलून संध्याकाळी दुसऱ्या शहरात टाकतात यार... आणि आपण? कात्रप ते अंबरनाथ, अंबरनाथ ते कात्रप." त्याचे वडील, अण्णा, अर्धांगवायूने आतल्या खोलीत पडून असायचे. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो हे हळू आवाजात बोलायचा. गुदमरायचा तो. मला ते कळत होतं, आणि मी त्याची थट्टा करायचो.

मागच्या वर्षी एका रविवारी त्याने एक मोठं बटण रेषेवर ठेवलं. "समज, जुना खेळाडू आहे. दुसऱ्या टीमने मागितलाय. इथे बाकावर बसतो, तिथे पहिल्या पाचात खेळेल. सोडावा?"

"कोण आहे?"

"नाव नको. नुसतं सांग."

बटणावर नंबर नव्हता. मी पाहिलं होतं, तरी विचारलं नाही. माझं शहाणपण सुरू झालं ते झालंच. म्हटलं, "अजिबात नाही! या वयात नव्या ठिकाणी कुठला रुळतोय? मागची टीम कोलमडेल ती वेगळीच. गप बसव त्याला बाकावर."

त्याने बटण रेषेवरून जरासं आमच्या चौकटीत ओढलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच वाद न घालता हरला. मी खूश! जिंकलो म्हणून वहिनींकडे दुसरा चहा मागितला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला कंपनीचं मागच्या वर्षीचं एक पत्र दाखवलं. गुजरातच्या प्लांटचा प्रमुख म्हणून बदली. तळमजल्यावर क्वार्टर, जवळच कंपनीचा दवाखाना. "मी शाळेत राजीनामा द्यायला तयार होते, भावजी. अण्णासुद्धा खुणेने हो म्हणाले होते. यांनीच एकदम कंपनीला 'नाही' म्हणून कळवलं. म्हणाले, दिल्याला विचारलं, त्याचं म्हणणं पटलं." वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे सगळे तयार होते. दार उघडंच होतं, आणि ते मी लावलं. तिथे गेला असता तर जगला असता, असं मी म्हणत नाही. पण गेला असता.

अजून रविवारी मी कात्रपला जातो. अण्णांशी दोन शब्द बोलतो. कॅलेंडर टीपॉयवर तसंच आहे, वहिनी त्याच्या कडेकडेने धूळ पुसतात. बिननंबरचं बटण आमच्याकडच्या चौकटीत, रेषेला अगदी लागून आहे. दरवेळी मी ते उचलतो, पलीकडे ठेवायला हात नेतो... आणि थांबतो. नियम आमचाच. बदल्यात तेवढ्या वजनाचं मी काय ठेवू?