यादीत न आलेलं नाव

साकोलीच्या आमच्या डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात चंद्रकांताबाई कारकून होत्या. पवनीच्या विणकर घरातल्या. अक्षर इतकं स्वच्छ, की खेड्यातली माणसं त्यांची कार्डं जपून ठेवत. मी तिथंच चष्म्याचे नंबर काढायचो. काचबिंदूच्या रोग्यांना दर तीन महिन्यांनी डोळ्याचा दाब तपासायला बोलवावं लागे. बाई वहीत तारखा बघून प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकत.

१९८७ साली कुणा दात्यानं दवाखान्याला कॉम्प्युटर दिला. नागपुरात हे काम शिकून आलेल्या नंदलालनं त्यावर रोग्यांचा प्रोग्राम बसवला. मशीन नावांची यादी छापायची, कार्डं बाई हातानंच लिहायच्या. वही कपाटात गेली, सवयीनं बाई तिच्यात पुढच्या तारखा टिपून ठेवत तेवढ्या.

पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर औषधांच्या साठ्याचा दुसरा प्रोग्राम आला. तो बसवणारा माणूसही दुसरा. त्यानंतरची यादी आखूड निघाली.

"भाऊ, नावं कमी वाटून राहिले मले," बाई म्हणाल्या.

"मशीन थोडीच विसरते बाई? विसरतो आपण," मी म्हणालो. डॉक्टरही हसले. दिवाळीच्या सुमारास रोगी कमी झाले, तेव्हा आम्ही म्हटलं, धानकापणी चालू आहे, लोकांना सवड कुठली!

फेब्रुवारीत एकोडीचे यादोराव आले. बायको धुरपता हात धरून त्यांना आत आणत होती. दीड वर्षं हा माणूस एकटा, बसनं, नेमक्या तारखेला यायचा. बाई उठून उभ्या राहिल्या.

"यादोरावजी, इतके दिवस आले काहून नाही तुमी?"

"कार्ड नाही आलं ना बाई. मनलं, डोळे बरे झाले असतीन, मनून नाही बोलावत. थेंबही सरले होते."

उजवा डोळा गेला होता. डाव्यात थोडा उजेड उरला होता. डॉक्टरांनी तपासून मान हलवली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

बाईंनी कपाटातून वही काढली. यादोरावांची तारीख पाच ऑक्टोबर होती. मशीनमध्येही ५/१०च होती. मग नाव का आलं नाही? दुसऱ्या दिवशी नंदलाल आला. दुपारपर्यंत त्याला चूक सापडली.

तारखा वाचण्यासाठी दोन्ही प्रोग्राम एकच तयार, सामाईक फाइल वापरत होते. नव्या माणसानं त्याच फाइलची नवी आवृत्ती आणली होती. नाव तेच असल्यानं ती जुनीच्या जागी बसली. जुनी आधी दिवस वाचायची, नवी आधी महिना. पाच ऑक्टोबरचा झाला दहा मे, म्हणजे होऊन गेलेली तारीख. बारा तारखेनंतरचे दिवस मात्र नवी फाइलही बरोबर ओळखायची, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून यादी रिकामी निघाली नाही, नुसती आखूड झाली.

"जुनी परत टाका न मंग," बाई म्हणाल्या.

"टाकली तर औषधांच्या तारखा बिघडतात. दोन्ही प्रोग्रामले आपापली फाइल वेगळ्या जागी देतो," नंदलाल म्हणाला.

अर्ध्या तासात काम झालं. आदल्या दिवशी यादोराव बसले होते, त्या खुर्चीकडे बघत बाई उभ्या होत्या. "अर्धा तास," एवढंच म्हणाल्या.

वहीवरून एक्केचाळीस सुटलेली नावं निघाली. सगळ्यांना त्यांनी कार्डं लिहिली. बहुतेक जण आले, त्यांचं फार बिघडलं नव्हतं. यादोरावांकडे त्या स्वतः गेल्या. मीही सोबत होतो. ओसरीवर बसून बाईंनी यादीत चूक कशी झाली ते सगळं सांगितलं.

यादोराव म्हणाले, "तुमी मुद्दाम थोडीच केलं बाई."

धुरपता आतून बाहेर आली. "मशीन चुकली मनता. आता हात धरून धानाच्या बांधीत ह्यायले मलेच न्या लागते. तुमची मशीन येते का?"

मला आठवत होतं, शंका बाईंना आली होती आणि हसलो होतो आम्ही. ते मात्र त्यांनी तिथं सांगितलं नाही.

पुढं दर तीन महिन्यांनी बाई स्वतः एकोडीला जाऊन यादोरावांना घेऊन येत. धुरपता त्यांच्याशी बोलत नसे, पण पाण्याचा तांब्या समोर ठेवी. एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर डावा डोळाही विझला. आता बोलावण्यात अर्थ नाही, नाव काढून टाका, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई मशीनसमोर बराच वेळ बसून राहिल्या. त्यांच्यानं ते होईना. शेवटी मी काढलं.